गुहागर ते नेवार्क, दारापासून दारापर्यंत

मुंबईहून अमेरिकेतल्या नेवार्कला थेट विमान किती वेळात पोचतं, हे कुणीही फोनवर बघून सांगेल. साधारण सोळा तास. आईला घेऊन बहिणीकडे जायचं ठरलं तेव्हा भेटेल तो मला हेच सांगत होता. पण ते सोळा तास मुंबईच्या विमानतळाचे आहेत. आम्ही राहतो गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या वाडीत, आणि आईनं पंच्याहत्तरी ओलांडली आहे. तिचा प्रवास अंगणाची पायरी उतरली की सुरू होतो आणि न्यू जर्सीत बहिणीच्या घरी पलंगावर पाठ टेकली की संपतो. मधला सगळा वेळ तिच्या गुडघ्यांना, रक्तदाबाला आणि झोपेला झेपला पाहिजे. कोकणातून म्हाताऱ्या आईवडलांना घेऊन निघणारी घरं आता पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही काय काय केलं ते सविस्तर लिहितो आहे.

माझं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, डेक ऑफिसर म्हणून. जहाज सुटण्याआधी पॅसेज प्लॅन करावा लागतो आणि तो ‘बर्थ टू बर्थ’ असतो, म्हणजे या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत. खोल समुद्रातली वाट त्यात सर्वांत लांब असते, पण सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो बंदरातून बाहेर पडण्याचा आणि दुसऱ्या बंदरात शिरण्याचा. जहाजं अडकतात, घासतात ती बहुतेक तिथेच. आईच्या प्रवासालाही मी हाच नियम लावला.

सुरुवात अंतरापासून केली. माळ्यावर बहिणीच्या शाळेतला पृथ्वीगोल होता, तो खाली काढून पुसला. आईनं फुलांचे हार करायचा दोरा आणला. मुंबईवर तिनं बोट ठेवलं, न्यूयॉर्कच्या शेजारी मी ठेवलं आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. तो बसला पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडाचा लॅब्राडोर अशा वाटेवर. आई बराच वेळ बघत राहिली.

“अरे, आपल्या समोर समुद्र, त्याच्या पलीकडे अमेरिका. मग हा दोरा रशियात कशाला शिरला?”

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. भिंतीवरचा नकाशा बघून मोठं झालेल्या प्रत्येकाला असंच वाटतं. खरं तर आमच्या किनाऱ्यावरून सरळ पश्चिमेला जात राहिलं तर सुमारे १,९०० किलोमीटरवर ओमानचा किनारा लागतो. अमेरिकेची जवळची वाट गुहागरच्या पुळणीवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला आहे, दाभोळच्या दिशेला, उत्तरेपासून थोडी पश्चिमेकडे कललेली. मुंबईहून हा कल उत्तरेपासून जेमतेम २७ अंशांचा येतो आणि वाट चढत चढत जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत जाते. आम्ही जहाजावर याला ग्रेट सर्कल म्हणतो. नेहमीच्या सागरी नकाशावर दोन बंदरांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारली तर दिशा कायम राहते, सुकाणूवरच्या माणसाला सोपं जातं, पण वाट लांबते. मुंबई-नेवार्क अशी पट्टीची वाट मोजली तर ती १४,२०० किलोमीटरच्या आसपास भरते. दोऱ्याची वाट सुमारे १२,५५०. एवढ्या फरकात मुंबई-दिल्ली सहज बसेल.

दोऱ्यावर खूण करून तो फूटपट्टीवर मोजला, साडेएकोणतीस सेंटीमीटर. गोलाचा घेर ९४ सेंटीमीटर आणि पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. गुणाकार आईनंच पाटीवर केला. नंतर मी खलाशांच्या रीतीनं ताळा पाहिला. पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन ठिकाणांमधला कोन ११३ अंशांच्या जवळ, एका अंशाचे ६० सागरी मैल आणि एका सागरी मैलाचे १.८५२ किलोमीटर. उत्तर तेच आलं. दोऱ्यानं आणि गणितानं एकच आकडा दिल्यावर आईचा त्या अंतरावर विश्वास बसला, आणि मला तेच हवं होतं. ज्या प्रवासाची लांबी आपण स्वतः मोजली त्याची धास्ती निम्म्यानं कमी होते, हे मी नव्या कॅडेट मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता वेळ. मोठी प्रवासी विमानं ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. १२,५५० भागिले ९०० म्हणजे चौदा तास. मग तिकिटावर सोळा का? एक तर तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीच्या रांगेत उभं राहणं, चढणं, उतरणं हे सगळं त्यात येतं. दुसरं, वर १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात आणि अमेरिकेला जाताना ते बहुतेक वाट तोंडावर येतात. तिसरं कारण जमिनीवरच्या भांडणांचं. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि पाकिस्ताननं आपलं आकाश एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंद केलं. दोऱ्याची वाट नेमकी पाकिस्तानवरून जाते. तेव्हा विमानाला वळसा आलाच.

थेट विमान घ्यायचं की आखातात बदलून जायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. बदलून जाणारं तिकीट स्वस्त होतं. पण मधल्या विमानतळावर मध्यरात्री उतरणं, पुन्हा तपासणी, लांबच लांब चालणं आणि पुन्हा चढणं हे सगळं आलं, शिवाय पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढचं चुकण्याची टांगती तलवार. तरुण माणसानं पैसे वाचवावेत. म्हाताऱ्या माणसासाठी एकदा बसवलं की तिथेच उतरायचं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

निघायची तारीख आईनं ठरवली. कार्तिकातली काकड आरती ती चुकवत नाही, त्यामुळे त्रिपुरारी पौर्णिमा झाल्याशिवाय हलायचं नाही असं तिनं बजावलं होतं. मला ते सोयीचंच पडलं. पावसाळ्यात दरड, झाडं, पाणी यांमुळे आमच्या बाजूचा कुठलाही रस्ता कधी थांबेल सांगता येत नाही आणि कोकण रेल्वेच्या गाड्यासुद्धा पावसाळी वेळापत्रकानुसार हळू चालतात. नोव्हेंबरात हे सगळं निवळलेलं असतं.

तरीही पूर्ण बेतात मी सर्वांत जास्त सैल वेळ ठेवला तो घर ते मुंबई या तुकड्यात. घरापासून चिपळूण स्टेशन सव्वा-दीड तास. तिथून ठाण्यापर्यंत गाडीनं पाच-सहा तास, वेळेवर असली तर. म्हणजे तीनशे किलोमीटरांना आठेक तास आणि पुढच्या साडेबारा हजारांना सोळा. विमान चुकतं ते इथेच. त्यातून आम्ही वाडीवरून निघून थेट विमानात बसायचं नाही हे पक्कं केलं. ठाण्याला मामेभावाकडे मुक्काम ठेवला. गाडी अर्धा दिवस उशिरा आली असती किंवा चिपळूणहून ऐनवेळी मोटारीनं जावं लागलं असतं तरी विमानाला धक्का लागला नसता. शिवाय आईला कमोडची, लिफ्टची आणि बाटलीतून घोट घोट पाणी पिण्याची तिथे सवय झाली. ही गोष्ट बारीक वाटेल, पण गावातून निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला विमानातल्या चिंचोळ्या संडासाचीच सर्वांत जास्त भीती असते आणि त्या भीतीनं माणसं पाणीच पीत नाहीत. विमानातली हवा अतिशय कोरडी असते. पाणी न पिता सोळा तास एका जागी बसणं पायांत रक्ताची गुठळी व्हायला निमंत्रण आहे.

मला सर्वांत जास्त रस होता तो घड्याळाच्या प्रश्नात. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालतं. गुहागर ७३ अंशांच्या जरा पुढे, म्हणून आमच्याकडे सूर्य घड्याळाच्या मानानं सरासरी ३७ मिनिटं मागे असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं हिवाळ्यातलं घड्याळ ७५ अंश पश्चिमेवर. दोन्हींची बेरीज साडेएकशेसत्तावन्न अंश, दर १५ अंशांना एक तास, म्हणजे साडेदहा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात, त्याआधी हाच फरक साडेनऊ तासांचा असतो. औषधांच्या वेळा ठरवताना ही तारीख बघावीच लागते.

जहाजानं मुंबईहून सुएझमार्गे न्यूयॉर्क गाठायचं म्हणजे आठ हजार सागरी मैलांच्या आसपास. चौदा नॉटनं, म्हणजे ताशी चौदा सागरी मैलांनी, चोवीस दिवस. पश्चिमेला जाताना मधूनमधून रात्री जहाजाचं घड्याळ एक तास मागे घेतात. शरीर सावकाश सरकतं आणि बंदरात उतरताना माणूस तिथल्या वेळेत मुरलेला असतो. विमान हे साडेदहा तास एका रात्रीत अंगावर टाकतं. मग मी ठरवलं की घड्याळाची थोडी सरकवासरकव घरीच करून टाकावी. आई नऊला झोपते, पाचच्या आत उठते. त्रिपुरारीचे दिवे लागले आणि दुसऱ्या दिवसापासून तिची झोप थोडी थोडी पुढे ढकलायला घेतली.

“रात्री जागून करू काय मी?” ती म्हणाली. मग पत्ते काढले, शेजारच्या काकी यायला लागल्या, पोथी दुपारऐवजी रात्री वाचली जाऊ लागली. सकाळी उशिरा उठायचं मात्र तिला फार जड गेलं. निघायच्या वेळेपर्यंत झोप दोन-अडीच तास पुढे गेली होती. पूर्ण साडेदहा तास सरकवणं शक्य नव्हतं आणि गरजही नव्हती. माणसाच्या शरीराचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे जागून झोप पुढे ढकलणं हे लवकर झोपण्यापेक्षा जमतं. पश्चिमेला जाणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं.

औषधांबद्दल आमच्या डॉक्टरांकडे कागद घेऊनच गेलो. आईची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. नव्या सकाळपर्यंत थांबलं असतं तर दोन गोळ्यांमध्ये चौतीस तासांहून जास्त अंतर पडलं असतं. त्यांनी सांगितलं, विमानात भारतीय वेळेनुसारच घ्यायची आणि तिकडे पोचल्यावर हळूहळू सकाळवर आणायची. प्रत्येकाचं औषध वेगळं, मधुमेहाच्या इन्शुलिनचा हिशेब तर आणखी वेगळा, तेव्हा हे आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आईच्या हातात मी दुसरं जुनं घड्याळ बांधलं आणि त्यात भारताची वेळ तशीच ठेवली. सगळी औषधं मूळ पाकिटांत, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. पोटऱ्यांचे घट्ट मोजेही डॉक्टरांनीच सुचवले.

बहिणीसाठी न्यायच्या सामानावरून थोडं वाजलं. आईनं घरच्या नारळांचं सुकं खोबरं बांधून ठेवलं होतं आणि ते मी काढायला लावलं. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल भरपूर असतं, आतल्या आत तापतं आणि पेट घेऊ शकतं. जहाजावरसुद्धा खोबऱ्याची नोंद धोक्याच्या मालात होते, स्वतःहून पेटणाऱ्या वर्गात, आणि त्याच्या होल्डचं, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेचं, तापमान आम्ही काळजीनं बघायचो. “आपल्या घरात शिंक्यावर असतं वर्षभर, कधी पेटलं?” असं तिचं म्हणणं. शेवटी आमसुलं, कुळथाचं पीठ आणि घरचं तिखट एवढ्यावर समेट झाला. तिथे उतरल्यावर हे सगळं आम्ही जाहीर केलं. खाण्याचे पदार्थ विचारले की सांगावेत, लपवू नयेत.

विमान मध्यरात्रीनंतर सुटलं. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवली होती. आई चालती-फिरती आहे, तिला ते आधी कमीपणाचं वाटलं, पण मुंबईच्या टर्मिनलमधलं चालणं आणि नेवार्कच्या रांगा पाहिल्यावर तिनं काही बोलणं सोडलं. जागा संडासाजवळची आणि कडेची घेतली होती. दर दीड-दोन तासांनी तिला उठवून मधल्या वाटेतून चालवत होतो.

आणखी एक लक्षात ठेवायचं, विमानातल्या हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो. तो १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्याहून बरंच वर. जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या माणसाला आणि हृदय किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्याला हे जाणवू शकतं. आईला एकदा जड वाटलं, पाय सुजल्यासारखे झाले, चालल्यावर बरं वाटलं.

समोरच्या पडद्यावर नकाशा सुरू ठेवला होता. अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे, मग आखाताच्या बाजूनं वर, तुर्कस्तान, युरोप, आयर्लंडजवळून अटलांटिक. दोऱ्याच्या वाटेच्या बरंच दक्षिणेला. आईनं ते लगेच ओळखलं. “आपला दोरा वर राहिला,” ती म्हणाली. अटलांटिकवर जमिनीच्या मानानं वेग ताशी ८२०-८३० दाखवत होता, वारा तोंडावर होता.

आणि बाहेर काळोखच. मध्यरात्रीनंतर निघून पश्चिमेला जायचं म्हणजे सूर्य पाठीमागून येत असतो आणि विमान त्याच्यापुढे पळत असतं, त्यात नोव्हेंबरात एवढ्या उत्तरेला रात्र मोठी. आई रोज उगवत्या सूर्याला अर्घ्य देते. हातातल्या घड्याळात भारताचे नऊ वाजले, अकरा वाजले, दुपारचे दोन वाजले, तरी खिडकीबाहेर काळं. तिनं मला विचारलं, “उजाडणार ना रे?” मी तिला पडद्यावरची उजेडाची सीमा दाखवली, ती आमच्या मागे रेंगाळत होती. तिला ते पटलं, पण आवडलं नाही. तिनं डोळे मिटून बसल्या जागी नमस्कार केला. गोळी तिनं घड्याळ बघून आपणहून मागून घेतली होती.

नेवार्कला चाकं टेकली तेव्हा पूर्व जेमतेम फटफटत होती. सामान, इमिग्रेशन, कस्टम्स यात दीड-दोन तास गेले. गेटबाहेर बहीण उभी होती. आईनं तिला “बाय माझी” म्हणून जवळ घेतलं आणि पहिली गोष्ट विचारली ती पूर्व कुठल्या बाजूला.

पहिल्या दिवशी तिला दुपारी झोपू दिलं नाही, उन्हात चालवलं. उजेड हाच शरीराचं घड्याळ हलवणारा सगळ्यात मोठा हात आहे. ती पहाटे दोन-तीनला जागी व्हायची, मग बहिणीनं तिच्या उशाशी खजूर आणि पाण्याचा तांब्या ठेवायला सुरुवात केली. आठवडाभरात ती रुळली. माझ्यापेक्षा लवकर.

परतताना हिशेब उलटा. जेट स्ट्रीम पाठीशी होती, पडद्यावर ताशी १,०५० दिसले आणि विमान चौदा तासांत मुंबईला आलं. जाताना लागलेल्या वेळेपेक्षा दोन तास कमी. पण शरीराला परतीचा रस्ता अवघड गेला, कारण पूर्वेला येताना झोप अलीकडे ओढावी लागते. आई दुपारी पेंगायची आणि रात्री टक्क जागी. ठाण्याचा मुक्काम परतीलाही ठेवला होता हे फार बरं झालं. सोळा-सतरा तास जागलेल्या माणसाला लगेच आठ तासांच्या रस्त्यावर काढणं मला योग्य वाटत नाही, मोटार चालवणारा ताजातवाना असला तरी.

मध्यंतरी वाडीतल्या काकी पृथ्वीगोल बघायला आल्या. त्यांचा मुलगा मेलबर्नला असतो. मुंबई ते मेलबर्न दोरा सुमारे ९,८०० किलोमीटर भरला, निम्म्याहून थोडा जास्त समुद्रावरून, बाकीचा भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या जमिनीवरून. तिकडचं घड्याळ आपल्या पुढे, आपल्या उन्हाळी महिन्यांत एप्रिलच्या पहिल्या रविवारी साडेपाच तासांवरून साडेचारवर येतं. पूर्वेला जायचं म्हणून त्यांनी झोप पुढे न ढकलता अलीकडे आणायची. संध्याकाळी लवकर दिवे मालवायचे, पहाटे उठायचं. आईनं त्यांना सांगितलं की तुम्हाला सोपं आहे, काकड आरतीला उठतो तसं उठायचं, आणि सुकं खोबरं मात्र बांधू नका. त्या मार्चअखेर निघणार आहेत. चिपळूण ते मुंबई या तुकड्याला त्यांच्या मुलानं एकच दिवस धरला होता. त्याला फोन करून मी तो वाढवून घेतला.